सूनबाईंचा गिझर

सोमवार, ६ जानेवारी

चिंगीच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी आज बोलावलं होतं. अर्धी रजा टाकून गेले. लहानशी खोली, टेबलावर टिश्यूचा डबा. तो त्यांनी माझ्याकडे सरकवला, मी तो पुन्हा त्यांच्याकडे सरकवला.

त्यांचं म्हणणं असं, की चिंगीला माणसांची भीती वाटते. हा नुसता लाजाळूपणा नाही. आणि त्या भीतीच्या मागोमाग आता उदासीही आली आहे. हजेरीला ‘उपस्थित’ म्हणतानाही तिचा आवाज फुटत नाही. मधल्या सुट्टीत ती ग्रंथालयामागच्या जिन्यावर एकटी बसते. "घरी ताण आला की ती काय करते, त्याची नोंद ठेवा," बाई म्हणाल्या. "ते तिचे आधार आहेत. आपणहून सोडेपर्यंत काढून घेऊ नका. आणि एकदा डॉक्टरांनाही दाखवू या."

वही त्यासाठी आणली आहे, पण आधार हा शब्द काही मला पटत नाही. बाथरूमला आतून कडी लावून नळ सोडून बसणं, हा आधार? स्वेटरची बाही चावून चावून तिची जाळी करणं? दर रविवारी संध्याकाळी पोट दुखणं? याला आधार म्हणायचं तर बिघाड कशाला म्हणायचं?

मी तक्रार केंद्रात सुपरवायझर आहे. ज्यांचे गिझर आणि वॉशिंग मशीन बिघडलेत अशी माणसं दिवसभर आमच्या कानात ओरडत असतात. नवीन मुलं पहिल्या आठवड्यात हमसून रडतात. त्यांना मी घडवते. औषध नाही, गोळी नाही. मॉक कॉल. मी चिडलेला ग्राहक व्हायचं आणि समोरच्याची थरथर थांबेपर्यंत त्याला वाट्टेल ते बोलायचं. आजवर माझ्या हाताखालचं एकही पोर वाया गेलेलं नाही. पळून गेली ती मी धरत नाही.

नवरा छापखान्याच्या दुपारपाळीला निघत होता, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "असू दे गं. मीही लहानपणी असाच होतो."

"म्हणूनच म्हणतेय," मी म्हटलं.

गुरुवार, ९ जानेवारी

सराव सुरू. रोज संध्याकाळी मी आले की चहानंतर. चिंगीने बाहेरच्या खोलीत हात सरळ ठेवून उभं राहायचं. मी पाठमोरी बसणार, म्हणजे फोनसारखं वाटतं. नियम तिला लिहून न देता तोंडी पाठ करायला लावले: वाद घालायचा नाही, आधी क्षमा मागायची, मग आभार मानायचे, मधे श्वास ऐकू येता कामा नये.

आज मी दुकानदार झाले. "काय गं, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का? मागे रांग लागलीय, दिसत नाही? घरी कोणी बोलायला शिकवलं नाही का?" एवढ्यावरच तिचा बांध फुटला. मी पुन्हा पहिल्यापासून घेतलं. आणि पुन्हा. शेवटी तिच्या तोंडून "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमस्व" एवढं बाहेर पडलं. आवाज बाहीतून आल्यासारखा होता, पण आला.

बाथरूमची कडी पेचकसाने काढून ठेवली.

नंतर ती भांडी पुसायला माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि आपणहून म्हणाली, "आई, तुझ्याकडे लोक ओरडले तर तुम्ही पण ओरडता?"

"छे. आम्ही आवाज चढवायचाच नाही. आणि फोन करणारा कितीही वेळ बडबडला, तरी फोन आपण आधी ठेवायचा नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"कोणीही केला तरी?"

"कोणीही केला तरी. नोकरी जाते."

एकच बशी ती बराच वेळ पुसत राहिली. प्रश्न विचारायला लागली आहे, म्हणजे रस घेतेय. पहिल्याच दिवशी एवढा फरक.

मंगळवार, १४ जानेवारी

केंद्रात आज चहाच्या सुट्टीत हसून पुरेवाट. आमच्याकडे एक ‘मास्तर’ आहेत. पूर्वी घरी शिकवण्या घ्यायचे, मुलं येईनाशी झाली तेव्हा इथे लागले. टीममध्ये सगळ्यांत वयस्क. ग्राहकाशी बोलतात ते पहिलीच्या पोराला गिरवायला शिकवल्यासारखं, त्यामुळे त्यांचा प्रत्येक कॉल लांबतो आणि आमची सरासरी बिघडते. त्यांना आज एक नमुना भेटला.

"म्हणाली, मी या घरची मोठी सून बोलतेय," मास्तर सांगत होते. "आमचा गिझर गुरगुरतो. मी विचारलं, गुरगुरतो म्हणजे कसा, ताई? तर म्हणे, अनोळखी माणूस आला की गुरगुरतो. घरच्यांना काही करत नाही."

"मास्तर, तो गिझर नाही, कुत्रा आहे," टकळी म्हणाली. ही आमची सगळ्यांत चटपटीत मुलगी, तोंडाला कधी खीळ नसते.

"मी म्हटलं, पाणी तापतं ना? तर म्हणे, तापतं, पण एकटा असला तरच. कोणी बघत असलं की गारठतो."

"सासूने पाठवलं असेल तिला, जा, डोकं खा कोणाचं तरी म्हणून."

त्या बाईचं नाव सूनबाई पडलं. मास्तरांनी तक्रार नोंदवली का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तिने नको म्हटलं. म्हणाली, माणूस पाठवू नका, तो बिचारा घाबरेल."

कोण घाबरेल, माणूस की गिझर, ते मास्तरांनी विचारलं नाही. यांना विचारायचं तेवढंच सुचत नाही.

बुधवार, २२ जानेवारी

दुकानदार, बसवाहक, शेजारीण हे सगळं झालं. पण हे वरवरचं. नवीन मुलांनाही मी आधी विचारून घेते, की तुम्हाला कोणतं बोलणं सहन होत नाही, आणि नेमकं तेच वापरते. दुखतं तिथेच दाबावं लागतं.

म्हणून काल चिंगीच्या केसांना तेल लावताना विचारलं, "वर्गात काय म्हणतात गं तुला?" आधी नुसती मान हलवली. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून हळूहळू सांगायला लागली. ‘मुकी’ म्हणतात. ‘भिंत’ म्हणतात. बाकावर शेजारी बसणारी मुलगी तिच्या पाठीत टाचणीसारखं बोट टोचून विचारते, "आत कोणी आहे का?" सांगताना मधेच तिला हसूही आलं. इतकं ती माझ्याशी कित्येक दिवसांत बोलली नव्हती. बोलता बोलता तशीच झोपली.

आज सरावात मी ते सगळं घेतलं. तिच्या पाठीत बोट टोचून विचारलं, "आत कोणी आहे का?"

ती वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. आपल्या आईला नव्हे, दुसऱ्याच कोणाला पाहिल्यासारखी. मग सरळ उभी राहिली आणि पूर्ण वाक्य म्हणाली, न अडखळता. क्षमस्व, आभार, सगळं.

इतकं चांगलं अजून कधी झालं नव्हतं. मला मात्र रात्रीचं जेवण गेलं नाही. का ते कळलं नाही. पित्त झालं असावं.

सोमवार, २७ जानेवारी

हल्ली विचारलं, "वर्गात काय झालं?" तर, "काही नाही." रोज तेच. आमच्याकडे एखाद्या भागातून तक्रारी येणं बंद झालं की आम्ही पेढे वाटायच्या बेतात असतो. तसंच वाटतंय.

आज शाळेवरून जाणं झालं. मधली सुट्टी होती. कुंपणातून पाहिलं तर चिंगी जिन्यावर नव्हती, मैदानात होती. आणि तिच्यासमोर मुलींची रांग! एकेक पुढे येते, काहीतरी सांगते, चिंगी हात सरळ ठेवून बोलते, की सगळ्या खिदळतात. रांग पुन्हा पुढे सरकते. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात वर्गशिक्षिका दिसल्या. मी विचारलं तर हसून म्हणाल्या, "अहो, तिला तक्रार खिडकी म्हणतात सगळ्या. कोणाची पेन्सिल मोडली, कोणाच्या बुटाला चिखल लागला, की जातात तिच्याकडे. ती इतकी गोड माफी मागते! किती नम्र झालीय हो."

"चूक तिची असते का?"

"नाही हो, खेळच आहे तो त्यांचा."

खेळात घेतात म्हणजे मैत्रिणी झाल्या. समुपदेशक बाईंना हे कोणीतरी दाखवायला हवं. त्यांच्या चिठ्ठ्या येताहेत, उत्तर द्यायला वेळ झाला नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सूनबाई आता जवळजवळ रोज फोन करते, दुपारी, मास्तरांनाच मागते. टीममधली मुलं तिच्या घरातल्या बातम्यांची वाट बघतात. सासरे दिवसातून तीनदा अंघोळ करतात आणि तरी त्यांना कोरडंच वाटतं. दीर एवढा भित्रा, की आरशात दिसल्यावर स्वतःलाच नमस्कार करतो. सासूबाई घरातल्या सगळ्या कड्या काढून फिरतात.

"असली कसली सासू?" टकळी म्हणाली.

"तिला बंद दार बघवत नाही म्हणे," मास्तर म्हणाले. "मी सूनबाईंना म्हटलं, मग तुम्ही कुठे बसता? तर म्हणाली, इथे. मी म्हटलं, इथे म्हणजे कुठे? म्हणे, फोनमध्ये."

सगळे हसले. मीही हसले. पण वरचे साहेब हसत नाहीत. त्यांनी आज मला केबिनमध्ये बोलावलं. आमच्या शाखेची सरासरी सगळ्यांत लांब. केंद्रप्रमुखाची जागा रिकामी आहे, तिथे माझं नाव घेतलं जातंय, आणि अशा वेळी हा प्रकार. रेकॉर्डिंगच्या चाव्या साहेबांकडेच असतात. त्यांनी एक तुकडा लावून दाखवला. मुद्दाम जाडा केलेला आवाज, पोरीचाच, पण काय धीट! मास्तरांना म्हणत होती, "अहो सर, तुम्ही तर आमच्या गिझरपेक्षा हळू तापता."

"ग्राहक नाहीच ही," साहेब म्हणाले. "टवाळ कार्टी आहे कोणाची तरी. नंबर ग्राहकाच्या खासगीपणासाठी झाकलेला असतो, नाहीतर आजच उचलली असती."

मी मान हलवली. पण खरं लिहायचं तर मला त्या कार्टीच्या आईचा हेवा वाटला. काय जीभ आहे पोरीला! अशी मुलगी घरात असेल तर आणखी काय हवं?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

चिंगी संध्याकाळी फार झोपते. सराव संपला की आडवी. जेवायला उठवावं लागतं आणि ताटातलं निम्मं तसंच राहतं. बाही चावणं मात्र बंद. ते स्वेटर मी टाकून दिलं.

आज नवऱ्याशी वाद झाला. तो म्हणाला, "पोर वाळत चाललीय. बाईंनी सांगितलेल्या डॉक्टरांकडे जाऊ या."

"आत्ता कुठे बोलायला लागलीय, आणि तुला डॉक्टर आठवला?"

"बोलते, पण आपल्याशी नाही." मग म्हणाला, "परवा मला निघायला उशीर झाला. ही शाळेतून आलेली, खोलीचं दार लोटलेलं. आत कोणाशी तरी फोनवर बोलत होती. हसत होती गं. मी चपला हातात घेऊन बाहेर पडलो, ऐकलं असं तिला वाटायला नको म्हणून."

"बघ! मैत्रीण झाली. हे कशामुळे?"

तो ताटं उचलून आत गेला. तो बोलतच नाही, हाच तर मूळ रोग आहे या घराचा.

मैत्रीण कोण, ते चिंगीला विचारायचं मनात आलं होतं. विचारलं नाही. नाव कळलं असतं तर सरावात तोंडून गेलं असतं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मास्तरांना काढलं. अहवाल मीच लिहिला होता, तेव्हा सांगायचं कामही माझ्याकडेच आलं.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, ती सूनबिन काही नाही, लहान पोर आहे. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग तेव्हाच सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही कॉल बंद केला असता."

"अर्थात."

"तेच. पहिल्या दिवशी तिने मला काय विचारलं, माहितीये? तुम्ही खरंच ओरडत नाही का. मी म्हटलं, नाही. म्हणाली, एकदा बघू? आणि मुद्दाम काहीतरी वेडंवाकडं बोलली. मी ओरडलो नाही. तेव्हा एवढं हसली... मला माझ्या शिकवणीतली पोरं आठवली. चूक माझीच आहे. पण तिला एकदम तोडू नका. कोणाला तरी थोडं थोडं बोलायला सांगा."

"आपण धर्मशाळा नाही चालवत, मास्तर."

"नाही, नाही. बरोबर आहे."

खुर्चीवरची आपली उशी काखोटीला मारून ते निघाले. दारात टकळी रडत होती. तिला सोमवारी मॉक कॉलला घ्यायला हवं, फार मऊ पडलीय.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सूनबाईचे फोन येतच आहेत. कोणीही उचलला की विचारते, "मास्तर आहेत का?" नाहीत म्हटलं की ठेवून देते. थोड्या वेळाने पुन्हा. साहेबांनी विचारलं, हा प्रकार कसा मिटवणार? इशारा द्यायला परवानगी आहे, पण इशारा असा हवा, की पुन्हा नंबर फिरवायची छाती होता कामा नये.

मी म्हटलं, "कॉल माझ्याकडे वळवा. अशा पोरीला गप्प कसं करायचं ते मला ठाऊक आहे."

"मीही ऐकेन," साहेब म्हणाले. "मला वर कळवायचं आहे, तुमच्याबद्दल."

घरी सरावाला आज सुट्टी दिली. चिंगीने कारण विचारलं नाही. खिडकीशी बसून होती. मी जवळ गेले तर उठून हात सरळ करून उभी राहिली. मी म्हटलं, "बस गं, आज नाही." तरी उभीच.

मंगळवार, ४ मार्च

जेवणानंतर कॉल आला. साहेब शेजारी दुसरा हेडसेट लावून बसले होते.

"नमस्कार, मी या घरची मोठी सून बोलतेय. मास्तर आहेत का?"

"मास्तर आता इथे काम करत नाहीत."

"रजेवर आहेत?"

"काढून टाकलं त्यांना. खोटे कॉल घेत बसायचे म्हणून. तुमचे कॉल."

पलीकडचा जाडा आवाज गळून पडला. "माझ्यामुळे?"

हा एक शब्द. हे इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे लिहिणार? मी थांबू शकले असते. लाइन तुटल्याचं सोंग करता येतं, त्याला एक बटण आहे, सगळ्यांना माहीत आहे. साहेबांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि बोट गोल फिरवलं: चालू ठेवा. मी स्वतःला म्हटलं, फोनवर सगळ्या पोरींचे आवाज सारखेच येतात.

"हो, तुझ्यामुळे," मी म्हटलं. "तुला काय वाटलं, इथली माणसं तुझे लाड करत होती? त्यांना ऐकायचा पगार मिळतो. पगार घेतल्याशिवाय कोणी ऐकावं असं आहे का तुझ्यात काही? घरी कोणी विचारत नाही, वर्गात कोणी विचारत नाही, म्हणून इथे येऊन दुसऱ्याची नोकरी खाल्लीस. पुन्हा फोन केलास तर घरी माणूस येईल. सगळ्यांसमोर नाव घेईल तुझं."

दुखतं तिथे दाबणं मला जमतं. आज जरा जास्तच जमलं. कुठे दुखतं ते मला शोधावं लागलं नाही.

मग अगदी हळू: "मग ते आता कुठे बोलतात?"

"कोण?"

"मास्तर."

"ते आम्ही सांगत नाही."

"बरं."

तिने फोन ठेवला नाही. मलाही आधी ठेवता येत नाही, नियम आहे. दोघी तशाच राहिलो. तिचा श्वास ऐकू येत नव्हता. शेवटी साहेबांनीच हात लांब करून बटण दाबलं.

"कमाल!" ते म्हणाले. "हे रेकॉर्डिंग नव्या पोरांना प्रशिक्षणात ऐकवू या."

घरी आले. चिंगीने दार उघडलं, गृहपाठ झालेला, पाणी भरलेलं. तिला माझा आवाज ओळखू आला नसणार. हेडसेटमध्ये माझा आवाज फार वेगळा येतो, सगळेच म्हणतात.

शुक्रवार, ७ मार्च

पत्र आलं. सोमवारपासून मी केंद्रप्रमुख. टीमने टाळ्या वाजवल्या. टकळीने नाही, ती राजीनामा देऊन गेली.

सूनबाईचा फोन त्या दिवसानंतर आलेला नाही.

चिंगीचा सराव उत्तम. आज मी सगळं वापरलं, मुकी, भिंत, बोट टोचणं, सगळं. पापणीसुद्धा हलली नाही. क्षमस्व, आभार. नंतर विचारलं, "आता भीती नाही ना वाटत?"

"नाही."

"मग काय वाटतं?"

विचार करून म्हणाली, "काही नाही." खोटं बोलत होती असं वाटलं नाही.

नवरा छापखान्यात न जाता तिच्या उशाशी बसून आहे. उद्या डॉक्टरांकडे नेतोय म्हणाला. मला विचारलं नाही, सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. मी हरकत घेतली नाही.

गुरुवार, २० मार्च

डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल. ती त्यांच्याशी बोलत नाही. उत्तरं देते, पण बोलत नाही, असं ते म्हणाले. हा फरक मला नीट कळला नाही, किंवा कळून घ्यायचा नाही. गोळ्या दिल्या आहेत. सराव बंद करायला सांगितलं. केला आहे.

रेकॉर्डिंगच्या चाव्या आता माझ्याकडे. खोटे कॉल पुसून टाकायचे असतात, फक्त तो शेवटचा प्रशिक्षणासाठी ठेवायचा, असा साहेबांचा निरोप. पुसण्याआधी दार लावून एकेक ऐकत बसले. आठवडाभर तेच करतेय. घरात तो आवाज नाही, इथेच आहे. ती मास्तरांना चिडवते, गाणं म्हणते, त्यांना कोडी घालते. एका ठिकाणी इतकी हसते, की तिला उचकी लागते. तिला हसताना उचकी लागते हे मला माहीत नव्हतं.

आज मास्तरांबरोबरचा शेवटचा ऐकला. मास्तर विचारतात, "सासूबाई फार जाच करतात का हो?"

"जाच नाही, सर. त्यांना वाटतं, मी बिघडलेय. दुरुस्तीवाला येईपर्यंत त्यांना दम निघेना, म्हणून स्वतःच उघडून बसल्यात. आता बंद करता येत नाहीये, म्हणून आणखी स्क्रू काढतात."

मास्तर हसतात. "मग त्यांच्याविरुद्ध तक्रार नोंदवू?"

"नको, नको. त्या दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून दमून येतात."

हे कोणीही ऐकलं असतं तर त्याला घर कोणाचं ते कळलं असतं. मी पुसून टाकलं. मग बाकीचेही सगळे. पुसताना पडद्यावर विचारतात, नक्की का. मी हो म्हटलं. माझा तो शेवटचा तेवढा राहिला, साहेबांच्या हुकमाने. उद्या नवी तुकडी येतेय, तिला तोच ऐकवायचा आहे.

संध्याकाळी घरी आले तेव्हा चिंगी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मला काय वाटलं कोणास ठाऊक, तिच्यासमोर जमिनीवर बसले. मुठीचा फोन करून कानाला लावला. मास्तरांसारखा आवाज काढला, हळू, गिरवल्यासारखा. म्हटलं, "नमस्कार, तक्रार केंद्रातून बोलतेय. सूनबाई आहेत का हो? गिझर अजून गुरगुरतो का?"

तिने हातातला टॉवेल खाली ठेवला. उठून उभी राहिली. हात सरळ.

"इथे सूनबाई म्हणून कोणी राहत नाही," ती म्हणाली.

"मग त्यांना निरोप द्याल का? त्यांच्या सासूबाईंना बोलायचं होतं म्हणावं."

"निरोप घेता येणार नाही. आपला नंबर चुकला असेल."

आवाज स्वच्छ होता. थरथर नाही, श्वास ऐकू येत नाही. आमच्याकडे मी तिला विनाअट पास केलं असतं.

मग ती तशीच उभी राहिली, मी फोन ठेवायची वाट पाहत.